कानाला एक, मंडपाला दुसरे

एकाच मिक्सरकडून, म्हणजे निरनिराळे आवाज एकत्र करून पुढे पाठवणाऱ्या यंत्राकडून, मला दोन कामे करून घ्यायची होती. मी परभणीत शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी नात्यातल्या व ओळखीच्या लोकांच्या हळदीला, बारशाला, स्नेहसंमेलनाला गाणी वाजवतो. याला आमच्याकडे सरसकट ‘डीजे’ म्हणतात आणि त्या शब्दासरशी लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बेसची भिंत उभी राहते. माझा पसारा तेवढा नाही. दोन स्पीकर, एक लॅपटॉप आणि एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात अलगद शिरण्याची हौस, एवढेच माझे भांडवल. दुसरे काम घरातले. माझ्या मावशीने सत्तरी ओलांडली आहे, तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ आहेत आणि तिच्यानंतर त्या म्हणणारे घरात कोणी नाही. त्या ओव्या, आणि जमल्यास गल्लीतल्या भजनी मंडळाचे काही अभंग, नीट रेकॉर्ड करून ठेवावेत असे बरेच दिवस मनात होते. 2023 च्या दिवाळीनंतर मी वीस हजार रुपये बाजूला काढले आणि दोन्हींना चालेल असा एकच मिक्सर त्यात बसवायचा असे ठरवले. तो हाती येऊन सुरळीत चालायला पाच महिने लागले, आणि त्यातले पहिले दोन चुकीच्या यंत्रामागे गेले.

चुकीचे यंत्र म्हणजे खास डीजेसाठी केलेला मिक्सर. नांदेडच्या एका साउंडवाल्याकडे दोन चॅनेलचा, म्हणजे आवाजाच्या दोन वाटांचा, वापरलेला, साडेसात हजारांत मिळाला. समोर एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा, सरकता क्रॉसफेडर, प्रत्येक चॅनेलला क्यूचे बटण आणि तीन-तीन नॉब, मागे फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठी) व लाइन (इतर यंत्रांसाठी) अशा दोन्ही जोडण्या, आणि एका कोपऱ्यात माइकचा एकुलता एक इनपुट. हळदीच्या कामाला तो अगदी झकास होता. क्यूचे बटण दाबले की पुढचे गाणे फक्त हेडफोनमध्ये ऐकू येई. ठेका जुळला की क्रॉसफेडर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायचा, मंडपातल्या लोकांना गाणे कधी बदलले ते कळतही नसे.

घरी मावशीसमोर माइक ठेवला तेव्हा त्याची दुसरी बाजू दिसली. डीजेच्या मिक्सरवरचा माइक ‘वर-वधूंच्या मामांनी स्टेजवर यावे’ एवढे सांगण्यापुरता असतो. माइकचा क्षीण आवाज वाढवणारा चांगला प्रीअँप त्याला नव्हता, कंडेन्सर या जास्त संवेदनशील माइकला लागणारी 48 व्होल्टची फँटम पॉवर नव्हती, आवाज डावीकडे-उजवीकडे वाटून देणारा पॅनचा नॉब नव्हता. मावशीचा आवाज मुळात हळू, म्हणून गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, चढवावा तर तिच्या ओवीमागे पावसाची रिपरिप चालू असल्यासारखी सरसर ऐकू येई. मग मी त्या यंत्राचे पैसे नक्की कशाचे लागतात ते समजून घेतले आणि जरा ओशाळलो. डीजे मिक्सरच्या किमतीत क्रॉसफेडरचा आणि फोनो इनपुटचाही वाटा असतो. तबकडीवर गाणे कोरताना खालचे सूर दाबून आणि वरचे उचलून कोरतात, आणि वाजवताना ते बरोबर उलटे करून मूळ रूपात आणावे लागतात. 1954 पासून रूढ झालेल्या या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) मानकाप्रमाणे 20 हर्ट्झला आणि 20,000 हर्ट्झला हा फरक साधारण वीस-वीस डेसिबलचा असतो. शिवाय सुईकडून येणारा विद्युतप्रवाह अगदी क्षीण, तो वाढवणारे वेगळे सर्किट लागते. हे सगळे फोनो इनपुटमध्ये भरलेले असते आणि माझ्या घरात एकही रेकॉर्ड प्लेअर नाही. म्हणजे तबकड्या नसलेल्या माणसाने तबकड्यांचे पैसे भरले होते.

त्यात आमच्याकडचा फुफाटा. वापरलेल्या क्रॉसफेडरच्या फटीतून धूळ आत गेली, की तो सरकवताना स्पीकरमधून कागद फाटल्यासारखा आवाज येतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की पंधरा दिवस बरे, पुन्हा तेच. दोन महिन्यांनी तो मिक्सर मी पाच हजारांत एका होतकरू मुलाला दिला, क्रॉसफेडरची गोष्ट आधी सांगून दिला, आणि अडीच हजारांचा धडा घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर आलो.

आता मी रेकॉर्डिंगच्या आणि छोट्या कार्यक्रमांच्या साध्या मिक्सरांकडे वळलो. येथे मात्र पर्यायांचा सुकाळ. बेहरिंगरच्या झेनिक्स क्यू802यूएसबीवर दोन माइक प्रीअँप आहेत आणि तो माझ्या पैशांत आरामात बसत होता. यामाहाच्या एमजी10एक्सयूवर चार माइक, आतच घुमाऱ्यासारखे इफेक्ट, आणि यूएसबीतून लॅपटॉपला थेट जोडणी. साउंडक्राफ्टच्या नोटपॅड-12एफएक्सचे वैशिष्ट्य असे, की तो लॅपटॉपला दोनऐवजी चार वेगळे चॅनेल देतो, म्हणजे गायक, पखवाज, पेटी आणि टाळ वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतील. या तिघांवरही चॅनेलचा आवाज फिरवायच्या नॉबने कमी-जास्त होतो, सरकत्या फेडरने नाही. रेकॉर्डिंगला त्याने काही अडत नाही, पण एक गाणे उतरवत दुसरे चढवताना दोन बोटांनी दोन फेडर एकाच वेळी सरकवण्याची जी सवय लागलेली असते, ती दोन गोल नॉब उलट-सुलट फिरवून भागत नाही. निदान माझी भागत नाही. मनगटे एकमेकांत अडकतात.

मित्राने डीजे कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हाताने मिसळायचे यंत्र, सुचवला. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स4 त्याच्याकडे होता, त्याच्या पोटात साउंड कार्डही आहे आणि गाणी मिसळायला तो फारच सोयीचा आहे. पण त्यावर पुन्हा माइकचा एकच इनपुट आणि फँटम पॉवर नाही. मावशीसाठी माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा वेगळा ऑडिओ इंटरफेस घ्यावाच लागला असता आणि दोघांची बेरीज वीस हजारांबाहेर जात होती. पायोनियरचेच डीजेएम-250एमके2 हे दोन चॅनेलचे मिक्सर एका कार्यक्रमात हाताळायला मिळाले, त्याचे फेडर लोण्यासारखे सरकतात, परंतु तो एकटाच माझी थैली रिकामी करून वर उसनवारी मागणारा होता.

याच सुमारास मी एका वहीत दोन्ही कामांच्या गरजा समोरासमोर लिहून काढल्या आणि त्या लिहिताना मला जे दिसले, त्यावरच पुढची सगळी खरेदी झाली. तोवर मी चॅनेल किती, माइक किती, इफेक्ट किती, हेच मोजत होतो. खरी गरज दोन्हीकडे एकच होती: माझ्या कानाला एक ऐकू यावे आणि बाहेर दुसरे जावे. हळदीत मंडपाला चालू गाणे जायला हवे आणि मला पुढचे ऐकू यायला हवे. रेकॉर्डिंगमध्ये मावशीला कानात तानपुरा ऐकू यायला हवा, पण लॅपटॉपमध्ये फक्त तिचा आवाज जायला हवा. ज्या मिक्सरमध्ये हेडफोनला नेहमी तेच मिळते जे मुख्य आउटपुटला जाते, तो कितीही चांगला असला तरी माझ्या दोन्ही कामांना निरुपयोगी. आणि स्वस्त मिक्सरांत नेमकी हीच काटकसर केलेली असते. खोक्यावर माइकची संख्या मोठ्या अक्षरात छापतात. हेडफोनला काय-काय पाठवता येते ते शोधायला माहितीपुस्तिकेतली रेखाकृती उघडावी लागते. ती ठोकळ्या-बाणांची आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा वीज मंडळाचा नकाशा वाटला, पण चार संध्याकाळी तिच्यासमोर बसल्यावर बोट ठेवून एका माइकचा प्रवास शेवटपर्यंत सांगता येऊ लागला.

मोठ्या मिक्सरांवर यासाठी पीएफएल नावाचे बटण असते. फेडर खाली असतानाही त्या चॅनेलचा आवाज हेडफोनमध्ये आणून देणारे. माझ्या पैशांत नव्या मिक्सरांमध्ये फेडर आणि पीएफएल दोन्ही एकत्र सापडत नव्हते. तेव्हा वापरलेल्या मालाकडे पुन्हा वळायचे ठरले, पण या वेळी नांदेडला न थांबता.

परभणीच्या माणसाला अशा वस्तूंसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा हैदराबादचा कोटी बाजार, हे दोन रस्ते असतात, आणि देवगिरी एक्सप्रेस दोन्हीकडे नेते. मी हैदराबाद निवडले, कारण तिथल्या दुकानदाराची दखनी आम्हाला परकी वाटत नाही आणि घासाघीस आपल्या भाषेत केल्यासारखी होते. पिशवीत मी माझा माइक, हेडफोन, लॅपटॉप, दोन केबल आणि ती वही घेतली होती. या खरेदीत मी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम कोणते असे कोणी विचारले, तर स्वतःचा माइक आणि हेडफोन नेला हेच सांगेन, कारण दुकानातल्या हेडफोनवर सगळेच मिक्सर सारखे वाजतात.

चार दुकाने फिरलो. प्रत्येक ठिकाणी परीक्षा एकच. माइक जोडायचा, कोणी बोलायचे नाही, गेन हळूहळू पूर्ण चढवायचा आणि कान देऊन सरसर कुठे सुरू होते ते पाहायचे. माझा शुअरचा एसएम58 हा डायनॅमिक माइक. त्याला फँटम पॉवर लागत नाही, पण त्याच्याकडून येणारा आवाज क्षीण असल्याने प्रीअँपवर ताण पडतो, म्हणून परीक्षेला तो चांगला. एका मिक्सरवर नॉब घड्याळातल्या तीनच्या जागेपुढे गेला की हेडफोनमध्ये जणू स्टोव्ह पेटत होता. दुसऱ्यावर शेवटपर्यंत शांतता होती, पण तिसऱ्या चॅनेलचा पॅन फिरवला की डावा कान बंद पडत होता. प्रत्येक नॉब पुरता फिरवून, प्रत्येक फेडर तळापासून टोकापर्यंत सरकवून पाहायला अर्धा तास लागतो आणि गर्दीच्या वेळी दुकानदार तेवढा धीर धरत नाही, त्यामुळे दुकान उघडते त्या वेळी जावे.

एका दुकानात मोबाइल जोडून गाणे लावले, तर ढोलकी वाजत होती, बाजा वाजत होता, आणि गायक गायब. मी मिक्सर बिघडलेला समजून बाजूला सारू लागलो, तेव्हा दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने हसून माझी केबल काढली आणि दोन शेंड्यांची दुसरी दिली. गायक परत आला. माझी केबल मोबाइलचा डावा व उजवा असे दोन्ही आवाज एकाच जाड जॅकमध्ये नेत होती आणि तो जॅक मी बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये खुपसला होता. असा इनपुट दोन तारांवर जे सारखे असेल ते गोंगाट समजून वजा करतो आणि फरक तेवढा पुढे पाठवतो. गाण्यात गायकाचा आवाज बहुधा बरोबर मधोमध, म्हणजे दोन्ही तारांवर सारखा असतो. म्हणून नेमका तोच वजा झाला. ज्या हिशेबाने लांब केबलमधली गुणगुण नाहीशी होते, त्याच हिशेबाने माझा गायकही गेला होता. मोबाइल किंवा लॅपटॉप नेहमी स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या-उजव्या अशा दोन जॅकमध्येच जोडायचा, हे त्या दिवशी पक्के झाले.

त्याच कारागिराने मला माझा मिक्सर दाखवला. काचेच्या कपाटात खाली ठेवलेला, चार माइकचा, दोन स्टिरिओ चॅनेलचा, सरकत्या फेडरचा, यूएसबी असलेला. मॉडेल जुने आहे आणि आता नवे मिळत नाही, त्यामुळे नाव सांगून कोणाचा फायदा नाही. त्यावर पीएफएल नव्हते. पण प्रत्येक चॅनेलवर एक बटण होते, त्याच्याखाली लिहिले होते म्यूट/ऑल्ट 3-4. मॅकीच्या छोट्या मिक्सरांवर 1990 च्या दशकापासून दिसणारी ही युक्ती पुढे इतरांनीही उचलली. नाव म्यूट असले तरी बटण दाबल्यावर चॅनेल बंद पडत नाही. तो मुख्य आउटपुटमधून निघतो आणि 3-4 नावाच्या दुसऱ्या वाटेवर जातो. हेडफोनपाशी वेगळी बटणे असतात, त्यांनी मुख्य वाट ऐकायची, 3-4 ची ऐकायची की दोन्ही, ते ठरवता येते. मी वही उघडून ‘कानाला एक, बाहेर दुसरे’ या ओळीखाली दोनदा रेघ मारली. साडेअकरा हजारांत सौदा झाला. अडॅप्टर मूळचा आहे याची खात्री मी मुद्दाम करून घेतली, कारण अशा मिक्सरांचा अडॅप्टर अनेकदा तीन पिनांचा, वेगळ्याच व्होल्टेजचा असतो आणि तो जळाला तर परभणीत तसा मिळत नाही. बाहेर पडताना कारागीर म्हणाला, की यंत्र तीन महिने वापरून मग पसंत-नापसंत ठरवा. गाडीत माझ्या मनात मात्र आमच्या गावाची म्हण घोळत होती: बनी तो बनी, नहीं तो परभणी.

पहिली हळद भाच्याची होती. लॅपटॉपवर गाणी मिसळण्याचे मिक्स (Mixxx) हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, शेवटी तीन एक्स असलेले. त्यात दोन डेकचे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन गाण्यांचे, आवाज दोन वेगळ्या आउटपुटवर पाठवता येतात. एक डेक लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून पहिल्या स्टिरिओ चॅनेलवर, दुसरा नऊशे रुपयांच्या छोट्या यूएसबी साउंड कार्डमधून दुसऱ्या चॅनेलवर. चालू गाण्याचे बटण वर, पुढच्याचे खाली, हेडफोनला फक्त 3-4. पहिली चार गाणी सुरेख मिसळली. पाचव्या वेळी मी बटण सोडले आणि हलगीचे नवे गाणे पूर्ण आवाजात, मधल्याच ठेक्यावर, चालू गाण्याच्या डोक्यावर आदळले. हळद लावणाऱ्या बायका दचकल्या, एकीच्या हातातली वाटी पडली, आणि आत्या माझ्याकडे बघून ओरडली, ‘अरे, काय करू लालास!’

चूक माझी नव्हती असे म्हणता येणार नाही, पण तिचे कारण यंत्राच्या रचनेत होते. पीएफएल फेडरच्या आधीचा आवाज देते. ऑल्टची वाट फेडरच्या नंतर सुरू होते. म्हणजे 3-4 वर गाणे ऐकायचे तर फेडर वर असावाच लागतो, आणि बटण सोडले की तोच वर असलेला फेडर मंडपाला लागू होतो. पहिल्या चार वेळा मी नकळत फेडर खाली ओढून मग बटण सोडले होते. आता ते जाणूनबुजून करतो: ठेका जुळवला, फेडर तळाला, बटण वर, मग फेडर हळूहळू चढवायचा. या तीन हालचालींत गाण्याचे दोन ठोके जातात, त्यामुळे गाणे थोडे आधीपासून चालू ठेवावे लागते. सराईत डीजेला ही कसरत पसंत पडणार नाही, आणि वेगाने कापाकापी करून वाजवायचे असेल तर हा मार्ग धरूच नये. मला गाण्यातून गाण्यात जायचे असते, गाणी फाडायची नसतात, म्हणून माझे चालते. शिवाय रात्री दहाला ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे सगळे बंद होते, तोवर चाळीसेक गाणी होतात, तेवढ्यांना बोटे पुरतात.

जिंतूरजवळच्या एका गावात वेगळीच फजिती झाली. स्पीकर चालू करताच घूं असा एकसुरी आवाज, त्यावर बारीक किणकिण. घूं म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण. किणकिण कशाची ते कळेना. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि किणकिण थांबली. लॅपटॉप एका बोर्डावर, स्पीकर दुसऱ्या बोर्डावर, गावातल्या त्या घरात अर्थिंग नावापुरते, आणि दोघांमधून फिरणारा विद्युतप्रवाह केबलच्या जाळीतून आवाजात मिसळत होता. त्या संध्याकाळी लॅपटॉप बॅटरीवर चालवला. नंतर सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घेऊ लागलो, मिक्सरपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल टाकल्या आणि लॅपटॉपच्या वाटेत असा फिरणारा प्रवाह अडवणारा एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. एका वायरमनने अर्थिंगची पिन तोडून टाकायचा सल्ला दिला होता. त्याने गुणगुण जाते, हे खरे. पण माइक धरणाऱ्या माणसाला झटका बसण्याची सोयही त्याने होते, म्हणून तो मी मानला नाही.

मावशीच्या रेकॉर्डिंगला एप्रिल उजाडला. आमची वरची खोली पत्र्याची. तिथे टाळी वाजवली तर भिंती उत्तर देतात. खोलीत दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या वाकळी तीन बाजूंनी टांगल्या, खाली सतरंजी अंथरली, पंखा बंद केला आणि सकाळी साडेसहाला बसलो, कारण नऊनंतर तो पत्रा माणसाला बसू देत नाही. फँटम पॉवरसाठी मी एवढी वणवण केली, उसना कंडेन्सर माइकही आणला. पण त्याने मावशीबरोबर शेजारची बादली, रस्त्यावरचा दूधवाला आणि पत्र्याचा तडतडाट सगळेच तन्मयतेने टिपले. अखेर साधा एसएम58 तिच्या तोंडापासून चार बोटांवर ठेवला आणि तोच बरा वाजला. मिक्सरचे यूएसबी 16 बिटचे आहे, त्यावर नाक मुरडणारे भेटतात. 16 बिटमध्ये सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजाला 96 डेसिबलच्या आसपास वाव मिळतो आणि माझ्या खोलीची शांतता त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मावशीने हेडफोन लावले, पहिली ओवी अर्धी म्हटली आणि थांबली. ‘बाबा, मी म्हणू लाले आन् माझ्या मागून दुसरीच कोणी म्हणू लाली.’ ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचाच आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत येत होता. लॅपटॉप आवाजाचे नमुने गठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला 44,100 नमुने असताना 1,024 चा एक गठ्ठा म्हणजे 23 मिलिसेकंद, आणि जाऊन येताना असे अनेक गठ्ठे लागतात. मावशीला ते गणित ठाऊक नव्हते. जात्यावर समोरच्या बाईने आपली ओवी मागाहून उचलल्यासारखे तिला वाटत होते आणि ती दर वेळी तिच्यासाठी थांबत होती. लॅपटॉपमधून परत येणारा आवाज बंद केला आणि तिला मिक्सरमधूनच थेट ऐकवले. तिथे उशीर नसतोच. इंटरफेसऐवजी मिक्सर घेतल्याचे समाधान मला त्या क्षणी वाटले.

राहिला तानपुरा. पहिल्या दिवशी मोबाइलवरचा तानपुरा स्टिरिओ चॅनेलला जोडून तिला ऐकवला आणि तो तिच्या आवाजाबरोबरच रेकॉर्ड झाला. यूएसबीवर मुख्य मिश्रण जाते आणि तानपुरा मुख्य मिश्रणातच होता. नंतर तो वेगळा काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी तानपुऱ्याच्या चॅनेलचे ते म्यूट/ऑल्टचे बटण दाबले आणि हेडफोनपाशी मुख्य व 3-4 अशी दोन्ही बटणे एकत्र दाबली. मावशीच्या कानात स्वतःचा आवाज आणि तानपुरा, लॅपटॉपमध्ये फक्त मावशी. ज्या बटणाने भाच्याच्या हळदीत हळदीची वाटी पाडली, त्यानेच हे केले.

भजनी मंडळाच्या वेळी यूएसबीच्या दोनच वाटा अपुऱ्या पडतील अशी धास्ती होती, कारण नोटपॅडचे चार चॅनेल मी सोडून आलो होतो. पॅनने निभावून नेले. बुवांचा माइक पूर्ण डावीकडे, पखवाजाचा पूर्ण उजवीकडे फिरवला, की स्टिरिओ ट्रॅकच्या दोन बाजू दोन स्वतंत्र ट्रॅक होतात. ऑडॅसिटीत त्या फोडून दोन्ही मध्यभागी आणायच्या आणि मग हवे ते कमी-जास्त करायचे. पेटी बुवांच्या माइकमध्ये आपोआप येते. टाळांसाठी वेगळा माइक लावायचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने आधी एका पत्र्याच्या खोलीत आठ टाळकरी बसवून पाहावेत. टाळ सगळ्या माइकांमध्ये न बोलावता येतात. गेन मात्र मी आता बेताचा ठेवतो. बुवा तार सप्तकात गेले तरी लॅपटॉपवरची आवाजाची पट्टी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देत नाही, कारण लाल दिवा एकदा लागला की फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

हिशेब असा झाला: मिक्सर साडेअकरा हजार, साउंड कार्ड नऊशे, केबल आणि ट्रान्सफॉर्मर मिळून अठ्ठावीसशे, पहिल्या मिक्सरवरचा तोटा अडीच हजार, हैदराबादची जा-ये आणि जेवण अकराशे. वीस हजारांतून बाराशे उरले, त्यातून प्लास्टिकचे झाकण आणि एक सुती पंचा घेतला; काम संपले की मिक्सर त्या पंच्यात गुंडाळतो, धूळ त्याच्यापुढे येत नाही. फेडरच्या कडेला दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत, मंडपातल्या जोडण्यांच्या खुणा पिवळ्या आणि घरातल्या हिरव्या, कारण रविवारी रात्री हळद करून सोमवारी पहाटे मावशीपुढे बसताना हात चुकतो.

आजवर एकसष्ट ओव्या झाल्या आहेत. बावन्नाव्या ओवीच्या शेवटी खालच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी आली आहे. मी ती पुन्हा घेऊ म्हणालो, तर मावशीने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाली, राहू दे, वरण माझ्याच सुनेनं लावलंय.